घराघरांतील नाताळ



महोत्सवी स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखणी सहजच देवळाच्या पायाभरणीकडे वळते. पायाचा दगड कोणाच्या हस्ते बसला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, हे सर्व या पुस्तकात इतरत्र आलेच आहे. आणि ज्यांना तेवढे वाचण्यासही सवड नाही त्यांच्यासाठी दर्शनी भिंतीवर शिळा आहेच. परंतु धर्माचा दुसराही एक इतिहास असतो, ज्याची शिळा कोठे बसविलेली आढळत नाही. तो चुलीपाशी, मुलांच्या अंथरुणापाशी आणि घरच्या आल्तारापुढे घडत असतो. समितीने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा आम्ही हा दुसरा इतिहास पत्करला, आणि तोही सगळा नव्हे, केवळ नाताळपुरता. नाताळच्या रात्री ख्रिस्ती कुटुंबे आपापल्या घरी काय करीत आली, कोणत्या प्रसंगाने ती तसे करू लागली व त्यातून काय टिकले, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

पुष्कळांना हे ऐकून नवल वाटेल की, पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोकांचा मोठा सण म्हणजे पुनरुत्थानाचा. नाताळ मागाहून आला. रोममध्ये २५ डिसेंबरला प्रभुजन्म पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद ३३६ सालची असून ती ३५४ सालच्या एका पंचांगात राहिली आहे. पूर्वेकडे तर हा सण आणखी उशिरा पोहोचला. अंत्युखिया नगरात संत जॉन क्रिसोस्तोम ३८६ च्या सुमारास नाताळचे प्रवचन करताना श्रोत्यांस सांगतात की, हा दिवस आपल्याकडे माहीत होऊन अद्याप दहा वर्षेही झालेली नाहीत. याच क्रिसोस्तोमांची आणखी एक शिकवण आमच्या विषयाला फार जवळची आहे. मंदिरात जे ऐकले ते घरी जाऊन बायकामुलांना व चाकरांना सांगा, जेवणाच्या मेजाबरोबर देवाच्या वचनाचेही मेज मांडा आणि आपले घरच मंदिर करा, असा त्यांचा कुटुंबप्रमुखांना आग्रह असे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले, तेव्हा कित्येकांस ती नवी कल्पना वाटली. ती सोळाशे वर्षांची जुनी होती.

आता गोठ्याकडे वळू. नाताळचा गोठा माहीत नाही असे ख्रिस्ती मूल आपल्या गावात सापडणार नाही. परंतु त्याची कथा अनेकदा अर्धवट सांगितली जाते. १२२३ साली असिसीचे संत फ्रान्सिस इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी होते. नाताळच्या पंधरवडाभर आधी त्यांनी जोव्हान्नी नावाच्या आपल्या एका सज्जन मित्रास बोलावून सांगितले की, बेथलेहेमच्या बालकाला किती गैरसोय सोसावी लागली, ते गवतावर कसे निजले, हे आपल्याला डोळ्यांनी पाहावयाचे आहे. त्याप्रमाणे गव्हाणी भरून गवत आले, एक बैल व एक गाढव आणून बांधले. पोप तिसरे होनोरियस यांची अनुमती आधीच घेतलेली होती. रात्री आसपासचे गावकरी मशाली व मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले. त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते, उपगुरू होते, म्हणून त्यांनी शुभवर्तमान गाइले व प्रवचन केले. वाचकहो, या सर्व वर्णनात बाळाची मूर्ती नाही, मरिया नाही, योसेफ नाही, राजे नाहीत, तारा नाही. बैल-गाढवसुद्धा लूककृत शुभवर्तमानातले नव्हेत; ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आलेले, आपल्या धन्याची गव्हाणी ओळखणारे प्राणी. एक रिकामी गव्हाणी, थंडीत उभे राहिलेले लोक आणि वाचलेले शुभवर्तमान, एवढाच तो पहिला गोठा. बाकीची आरास मागच्या शतकांनी केली.

देवळातला गोठा घरात कसा आला? श्रीमंतांच्या घरी तो हौसेने आला. अठराव्या शतकात नेपल्समध्ये राजवाड्यापासून सरदारांच्या दिवाणखान्यापर्यंत रेशमी कपड्यांतल्या बाहुल्यांचे गोठे मांडण्याची चढाओढ लागली होती. फादर ग्रेगोरियो रोक्को नावाच्या एका दोमिनिकन धर्मगुरूंनी गोरगरिबांच्या घरीही गोठा असावा म्हणून तेथे खटपट केली, हे त्यांना भूषणावह आहे. परंतु गरिबांच्या घरी गोठा खऱ्या अर्थाने शिरला तो संकटाच्या वाटेने. फ्रान्समध्ये १७८९ ची क्रांती झाली व पुढे देवळांना कुलुपे लागली, मध्यरात्रीची मिस्सा बंद झाली. तेव्हा दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतातले लोक घरातल्या घरात लहानसे गोठे मांडू लागले. मार्सेय शहरी जाँ-लुई लान्येल नावाच्या मूर्तिकाराने साच्यातून मातीच्या स्वस्त मूर्ती काढण्यास आरंभ केला. त्यांना तेथल्या बोलीत ‘सांतों’, म्हणजे लहानगे संत, म्हणतात. १८०३ साली तर त्या शहरात या मूर्तींचा बाजारच भरू लागला. या गोठ्यांत मेंढपाळांबरोबर कोळीण, चाकूंना धार लावणारा, पिठाच्या गिरणीचा मालक अशी गावातली माणसेही उभी असतात. ज्यांची देवळे बंद झाली त्यांनी आपले सगळे गावच घरातल्या गव्हाणीपाशी नेऊन ठेवले असे म्हणावयास हरकत नाही.

याहूनही मोठा दाखला जपानचा आहे, आणि त्याच्याशी आपल्या वसईचा संबंध पोहोचतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढविण्यात आले, हे आपल्यातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढे १६१४ साली सर्व जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. परदेशी धर्मगुरूंची हकालपट्टी झाली, लपून राहिलेले हळूहळू पकडून मारले गेले आणि काही दशकांतच त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, देऊळ नाही, छापील पुस्तक नाही. ख्रिस्ती चिन्हे तुडवून दाखविण्याची सक्ती मात्र होती. अशा स्थितीत सुमारे अडीचशे वर्षे गेली. या काळात आईबापांनी मुलांस बाप्तिस्मा द्यावा, प्रार्थना तोंडपाठ शिकवाव्यात आणि सणांचे दिवस मोजून ठेवावेत, याशिवाय दुसरा आधार नव्हता.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी नागासाकीच्या त्या सव्वीस हुतात्म्यांस संतपद दिले. तीन वर्षांनी, १८६५ मध्ये, नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी व्यापाऱ्यांसाठी एक देऊळ उभे राहिले व ते त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावे, म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही नावे, अर्पण करण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी तेथील फ्रेंच धर्मगुरू बर्नार पेतिजाँ यांच्या दारात उराकामी गावची काही माणसे येऊन उभी राहिली. एका स्त्रीने हळूच जवळ येऊन आपलेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे असे सांगितले, व पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. मूर्तीपाशी नेल्यावर मरियेच्या हातातील बाळ पाहून त्यांच्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती नाताळची. आम्ही हिमाच्या महिन्यात पंचविसाव्या दिवशी प्रभूचा सण पाळतो, त्या दिवशी मध्यरात्री तो गोठ्यात जन्मला, असे त्यांनी सांगितले. आणि सध्या दुःखाचा काळ चालू आहे ना, असेही पुसले. तेव्हा खरोखरीच उपवासकाळ चालू होता.

सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासात आम्ही हा प्रसंग वाचला. पुढे धर्मग्रामांत काम करू लागल्यावर त्याचा अर्थ अधिक उमगला. अडीच शतके ज्यांनी मध्यरात्रीची मिस्सा पाहिली नाही, त्यांच्याजवळ नाताळचा दिवस, घटका आणि गोठा ही तिन्ही शाबूत होती. ती आईने मुलीस व मुलीने नातीस दिलेली होती. तुरुंगाची व मरणाची धास्ती असताना कुजबुजत्या आवाजात दिलेली होती. पुढे १८७३ साली बंदीचे फलक उतरले, पण त्याआधी उराकामीच्या त्याच लोकांना हद्दपारीही भोगावी लागली.

आपल्या प्रांताचा इतिहास इतका कठोर नाही. तरी काही अंशी तो याच जातीचा आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली, पाठोपाठ फ्रान्सिस्कन व येशूसंघीय संन्यासी आले, आणि किल्ल्यात व गावोगाव देवळे उठली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज कुटुंबे व त्यांचे संन्यासी निघून गेले. किल्ल्यातील भव्य देवळे ओस पडली. त्यांची उघडी छपरे आजही आपण पाहतो. मागे राहिले ते मोजके देशी धर्मगुरू आणि भातशेती, बागा व मासेमारी करणारे आपले पूर्वज. किल्ल्यातील नाताळ त्या वर्षी संपला, वाडीतील संपला नाही. याचे श्रेय देशी धर्मगुरूंना द्यावे तितके थोडेच, पण आमच्या मते त्यांच्या जोडीने ते घराघरांतल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला, जपमाळेला आणि वाडीतल्या क्रूसापुढे म्हटल्या जाणाऱ्या लदिनीला दिले पाहिजे. ज्या ठिकाणी एका धर्मगुरूने अनेक गावे सांभाळावयाची, तेथे रोजचा धर्म घरानेच चालवावयाचा असतो.

शिवाय मिस्सा लॅटिनमध्ये होती हे विसरू नये. मध्यरात्री आल्तारावरून जे वाचले जाई ते समोरच्या शेतकऱ्यास कळत नसे; त्याला जन्मकथा कळे ती दुसऱ्या मार्गाने. या मार्गाचा महाराजमार्ग करून ठेवला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले: दोन पुराणे, मिळून पंचाण्णव अवस्वर, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि भाषा आपली मराठी. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवितो की, पूर्वी आम्हाला पुराणे ऐकावयास मिळत, तसे आता काही तरी आम्हाला द्या. किती योग्य मागणी! आधीची सवय मोडली, तिच्या जागी काही दिले नाही, तर घर मुके होते, हे त्या गृहस्थास कळले होते. स्टीफन्सना ते कळले म्हणून त्यांनी ग्रंथ रचला. १६४९ व १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. पुढे १६८४ साली गोव्याच्या सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने घरांत जिवंत राहिला. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली, आणि देवनागरी लिपीत तो १९५६ साली पुण्यास छापला गेला. तो प्रथम रोमन लिपीत छापलेला होता, हे ऐकून पुष्कळांस गंमत वाटते.

आता जेवणाखाणाविषयी, कारण त्यावाचून नाताळचा इतिहास पुरा होत नाही, आणि आमच्या भगिनी तो पुरा होऊ देणारही नाहीत. नाताळचा फराळ मूळचा उपवासाचे अपत्य आहे. १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही २४ डिसेंबर हा उपवासाच्या दिवसांत गणलेला होता. पोर्तुगालमध्ये दिवसभर उपास केल्यावर रात्री जे थोडके जेवण घेत त्याला ‘कोन्सोआदा’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ सांत्वन असा आहे. गोव्यात शेजारीपाजारी पाठवावयाच्या फराळाच्या ताटाला तेच नाव पडले, आणि मंगळूरच्या आपल्या बंधूंनी त्याचे ‘कुस्वार’ केले. आपल्याकडचे फुगे व करंज्या याच पंगतीतल्या. ‘नाताळ’ हा शब्द तरी काय? लॅटिन ‘नातालिस’, पोर्तुगीज ‘नाताल’, आणि मराठीने ल चा ळ करून तो घरचा केला. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सौम्य केले, तेव्हा पूर्वसंध्येचा उपवास नियमातून गेला. सांत्वन राहिले, ज्याचे सांत्वन करावयाचे ती भूक गेली. आम्ही जुने नियम परत आणा असे म्हणत नाही. ख्रिस्तसभेने शहाणपणानेच ते बदलले. पण २४ तारखेच्या दुपारपासूनच ज्या घरी खाणेपिणे सुरू होते, तेथील मुलांना रात्री कशाची वाट पाहावयाची ते कळणार कसे, असा प्रश्न आम्हाला दरवर्षी पडतो.

वाट पाहणे कसे असते याचा एक नमुना याच महाराष्ट्रात होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. बहुतेक स्त्रिया व मुले. पोलंडच्या कॅथलिक घरांत नाताळच्या पूर्वसंध्येला दिवसभर उपास असतो. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत मुले अंगणात उभी राहतात. तारा दिसला की मेजावरच्या कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून थोडे गवत ठेवून सर्व जण बसतात. जेवणापूर्वी ‘ओप्वातेक’ नावाची पातळ भाकर, आपल्या होस्तियेसारखी पण अनभिषिक्त, एकमेकांच्या हातची मोडून खातात व वर्षभरातील अपराधांची क्षमा करतात. एक जागा रिकामी ठेवतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ही चाल ते लोक जेथे जेथे गेले तेथे त्यांच्याबरोबर गेली. ज्यांचे पुरुष युद्धावर होते वा परत येणार नव्हते, त्या बायकांनी या रिकाम्या जागेकडे कसे पाहिले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याही घरांत हल्ली रिकाम्या जागा पुष्कळ झाल्या आहेत. कोणाचा मुलगा आखातात, कोणाची मुलगी कॅनडात, कोणाच्या घरी एकटी म्हातारी. दुसरीकडे गोठे मोठे झाले आहेत. त्यांत कारंजी चालतात, आगगाड्या धावतात, परीक्षक येऊन गुण देतात. तरुणांच्या मेहनतीचे आम्हाला कौतुकच आहे, आणि गावकीचा गोठा बांधताना जी एकी होते ती थोडी नव्हे. परंतु घरच्या गोठ्याचे काम निराळे आहे. त्याला परीक्षक नको. लोकभक्तीविषयी रोमहून २००१ साली जी मार्गदर्शिका निघाली तिच्यातही पूर्वसंध्येला कुटुंबाने गोठ्यापाशी जमून प्रार्थना करावी व लूकलिखित जन्मवृत्तान्त वाचावा, हीच साधी रीत सुचविली आहे. यास पाव तास लागतो.

आमची सूचना अशी की, येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरचा गोठा मांडावा, पण गव्हाणी रिकामी ठेवावी. २४ च्या संध्याकाळी दूरदर्शनसंच व भ्रमणध्वनी बाजूला ठेवून घरातील वडील माणसाने लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या वीस ओव्या मोठ्याने वाचाव्यात. वाचता येत नसेल तर नातवाने वाचाव्यात, आजीने पुढे सांगावे. सर्वांत लहान मुलाने बाळ येशूला गव्हाणीत ठेवावे. जपमाळेचे एक दशक म्हणावे. जो परदेशी आहे त्याचे नाव घेऊन म्हणावे, आणि त्याला फोनवर ऐकू द्यावे, यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. मग फराळाचे पहिले ताट घरी न फोडता ज्या घरी नाताळ नाही, किंवा मृत्यूमुळे यंदा सण नाही, तेथे पाठवावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी संत व्हिन्सेंट डी पॉल संघाकडे आहे. ज्यांना त्या रात्री एका पाहुण्यासाठी जागा ठेवावयाची असेल त्यांनी संघाच्या सभासदांस आधी कळवावे, म्हणजे आणण्या-पोहोचविण्याची व्यवस्था होईल. मध्यरात्रीची मिस्सा आहेच; तिला येण्यापूर्वी हे सर्व सहज आटोपते.

आणखी एक विनंती. आपल्या बोलीतली लदिनीची गाणी, नाताळच्या जुन्या प्रार्थना व जन्मकथेच्या ओव्या ज्यांना तोंडपाठ आहेत अशा म्हाताऱ्या माणसांची संख्या दरवर्षी कमी होत चालली आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही ज्यांचे दफनविधी केले त्यांच्याबरोबर काय काय मातीत गेले ते कोणी टिपून ठेवलेले नाही. ज्या घरी हाताने लिहिलेली वही असेल, मग ती रोमन लिपीत असो वा देवनागरीत, पाने सुटलेली असोत वा वाळवीने खाल्लेली, त्यांनी ती धर्मगुरुनिवासात आणून द्यावी. तिची प्रत करून मूळ वही आठ दिवसांत परत केली जाईल. ज्यांच्याजवळ वही नाही पण आवाज आहे, त्यांच्यासाठी युवक संघाचे दोन तरुण ध्वनिमुद्रणाचे साहित्य घेऊन घरी येतील. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर त्यांची नावे कार्यालयात मिळतील.